सलीमभाईंच्या गॅरेजातलं शून्य

चहा हातात आलाच आहे, तर माझी फजिती सांगूनच टाकते. पण माझ्या जागी तुम्हीही चिडला असतात, एवढं आधी कबूल करा.

मी जुन्नरला कॉलेजात फिजिक्स शिकवते. डिझेलच्या धुरातले बारीक कण मोजायचं एक जुनं मशीन आमच्याकडे आहे. अवजड, सतत घरघरणारं. प्रिन्सिपॉलांच्या मागे लागून मी एक नवं मशीन ट्रायलवर मागवलं. हातात मावेल एवढं, दिसायला देखणं. दोन्ही एकाच धुराला लावायची आणि आकडे जुळले तर नवं ठेवून घ्यायचं. साधं काम, नाही का?

धुरासाठी मी सलीमभाईंचं गॅरेज गाठलं. डिझेल गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्याकडे पिंपरी पेंढारची एक पिकअप आली होती. ती चालू केली की समोरचा दुकानदार शटर अर्धं खाली ओढायचा. मला हवी तशीच!

धूर नळीतून घेतला, हवा मिसळून पातळ केला आणि दोन फाटे काढून दोन्ही मशीनना दिला. जुन्याचा आकडा लाखांत गेला. नवं म्हणालं, शून्य.

पुन्हा घेतलं. शून्य. सलीमभाईंनी ॲक्सिलरेटर दाबून धरला, गॅरेज काळं झालं, मी खोकून खोकून बेजार. तरी शून्य.

सलीमभाई हात पुसत म्हणाले, "मॅडम, ही मशीन लई सज्जन हाय. कुणाचं वंगाळ बोलतच न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या मशीनसाठी मी प्रिन्सिपॉलांशी भांडले, ते मला भर गॅरेजात तोंडावर पाडतं म्हणजे काय? तिथूनच कंपनीला फोन लावला. तिकडचा इंजिनिअर शांतपणे म्हणाला, आधी एक बारीकशी गोष्ट तपासाल का?

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "अठरा वर्षं फिजिक्स शिकवतेय मी. माझी तोंडी परीक्षा घेऊ नका, माणूस पाठवा."

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण घरी जाऊन लांबलचक ईमेल लिहिला. त्यात 'ग्राहकाची फसवणूक' हे शब्द दोनदा घातले आणि एक प्रत प्रिन्सिपॉलांना पाठवली.

दुसऱ्या दिवशी तोच इंजिनिअर पुण्याहून आला. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. मी त्याला थेट गॅरेजात नेलं. म्हटलं, होऊन जाऊ दे सगळ्यांसमोर. सलीमभाईंनी पिकअप चालू केली. जुनं लाखांत, नवं शून्यावर. मी हाताची घडी घालून उभी.

त्याने मशीन उचललं. नळी जिथे जोडली होती तिथल्या पांढऱ्या डबीकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, हा फिल्टर. यातून गाळलेली हवा देऊन मशीन खरंच शून्यावर येतं का ते बघायचं असतं. मोजायच्या आधी तो काढायचा."

मला आठवलं. पहिल्या दिवशी लॅबमध्ये मीच ती तपासणी केली होती. शून्य बघून खूश झाले होते आणि डबी तशीच राहिली. म्हणजे कालपासून सगळा धूर गाळून, अगदी स्वच्छ करून, मी त्या मशीनला पाजत होते.

इंजिनिअरने डबीला हात घातला आणि थबकला. तिला खालून चिकटपट्टी लावली होती. सलीमभाई चष्मा कपाळावर सरकवून वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचू लागले, "महत्त्वाचा भाग. विद्यार्थ्यांनी काढू नये." अक्षर माझं. खाली सही माझी.

पिकअप धूर ओकत होती.

मग तो पोरगा अदबीने म्हणाला, "मॅडम, मी विद्यार्थी नाही. काढू का?"