हे वकिलाचं की तुझं?

काकू बोलायच्या आधी फोनची वायर भिंतीतून उपटायच्या. मग हळूच विचारायच्या, "तू नक्की कुणाकडून?"

"तुमच्याच वकिलाकडून, काकू. मी फक्त भाषांतर करते."

"हं. सगळे तेच म्हणतात."

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावात नव्वदच्या दशकात मी हे काम करायचे. संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण या बाईंनी चहा दिला तरी मी तो पिते की नाही यावर नजर ठेवावी! मला जाम राग यायचा.

त्यांच्या मुलानं कोर्टात अर्ज केला होता: बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांचा ताबा मला द्या. तो त्यांना टेक्ससला नेऊन नर्सिंग होममध्ये ठेवणार होता. काकूंचं एकच म्हणणं, "ह्यांना काही झालेलं नाही." काकांना काही विचारलं की उत्तर काकू द्यायच्या. आपल्याकडे नवरेमंडळींच्या वतीनं बायका बोलतातच, म्हणून कुणाला खटकलं नाही.

नवरा-बायकोतलं खाजगी बोलणं कोर्ट विचारू शकत नाही, हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. वकील म्हणाला, "एरवी खरं आहे. पण नवऱ्याचं मानसिक भान हाच वाद असेल, तर ती सवलत नाही." मी ते मराठीत सांगितलं.

काकूंनी डोळे बारीक केले. "हे वकिलाचं की तुझं?"

सुनावणीत जजनं विचारलं, एकांतात ते तुमच्याशी काय बोलतात? काकू म्हणाल्या, "ते आमच्यातलं आहे." जजनं पुन्हा तेच समजावलं. मी सांगत होते, आणि त्या माझ्याच तोंडाकडे बघत होत्या. शेवटी खाली बघून बोलल्या.

"वर्षभर हे मला आई म्हणतात. शाळेला उशीर होतोय म्हणून डबा मागतात. मी भरून देते."

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. माझं कामच ते. पण त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

ताबा मुलाला मिळाला. बाहेर कॉरिडॉरमध्ये तो काकांचा हात धरून निघाला. काका थबकले, मागे वळून म्हणाले, "आई, तू नाही येत?"

"तू हो पुढे, बाळा. मी आलेच."

जड दार बंद झालं. काकू तिथेच उभ्या राहिल्या.

वकिलानं मला विचारलं, काय म्हणाल्या त्या?

काकू माझ्याकडे बघत होत्या.

"घरचं आहे," मी म्हटलं. "ते सांगता येणार नाही."