मयत नटीचा जबाब

ती बाई ठाण्यात आली तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो, आणि आठवला की स्वतःचाच राग येतो. मी तेव्हा सोलापूरच्या दक्षिणेला, मंद्रूपच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. आठवडी बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी ठाण्यात खिसा कापला, म्हैस दुसऱ्याच्या रानात घुसली, तराजूवरून डोकी फुटली असल्या तक्रारींची रीघ असते. त्या गर्दीत पासष्टीच्या एक बाई साधं इरकल नेसून, पाठ ताठ ठेवून, दोन तास बाकावर बसून होत्या. एकदाही "माझा नंबर कधी" म्हणून विचारलं नाही. जो माणूस घाई करत नाही त्याचं काम बहुधा मोठं असतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

त्यांनी अर्ज माझ्यापुढे ठेवला. पहिली ओळ होती, "मी जिवंत आहे, याची नोंद व्हावी." मी हसलो. नोकरीत हरवल्याचे, पळवल्याचे, मारल्याचे अर्ज ढिगाने घेतले होते, जिवंत असल्याचा हा पहिलाच होता. एवढ्यात ठाणे अंमलदार खुर्चीतून उठून माझ्या कानाशी आला. "सर, या सिनेमातल्या आहेत. माझी आई यांचा सिनेमा लागला की भाकरी थापायची सोडून जायची."

मग मी त्यांना आत बसवलं आणि चहा मागवला.

बाईंची हकीकत अशी होती. चार दिवसांपूर्वी एका अनोळखी बाईचा फोन आला. नाव न सांगता ती एवढंच म्हणाली, "तुमी मेल्याचा दाखला काढलाय. तलाठ्याकडं कागद गेल्यात. जावा आणि बगा." बाई गेल्या, तर खरोखरच त्यांच्या धाकट्या भावाचा अर्ज तिथे होता. बहीण मुंबईला मयत झाली, मूलबाळ नाही, तरी सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी करावं. सोबत मृत्यूचा दाखला आणि मुंबईतल्या एका स्मशानभूमीची पावती.

"पडद्यावर मी सात वेळा मेले असेन," बाई म्हणाल्या. "तिथं 'कट' म्हटलं की उठायचं. हितं कोण म्हणणार?"

त्यांचं माहेर आमच्याच हद्दीतलं एक गाव. घर लिंगायत, शेती करणारं, घरात कानडी आणि गावात मराठी. ऐन तारुण्यात नदीकाठी सिनेमाचं चित्रीकरण आलं होतं. घागरी घेऊन जाणाऱ्या पोरी हव्या होत्या म्हणून गावातल्या सहा जणी नेल्या, त्यांत या बाई एक. दिग्दर्शकाने हिला सगळ्यांत पुढे केलं, कारण कॅमेऱ्याकडे न बघणारी ही एकटीच होती. "माझं लक्ष घागरीवर होतं," त्या म्हणाल्या. "फुटली असती तर आईनं बडवलं असतं." दोन महिन्यांत ही पोरगी कोल्हापूरला होती आणि तिला नवीन नाव मिळालं होतं. वडिलांनी गावात सांगितलं, आमच्या लेखी ती मेली.

तीन सिनेमांत त्या नायिका झाल्या. मग नायिकेची बहीण, मग वहिनी. चौतिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या नायकाच्या आईचं काम केलं आणि त्यानंतर पांढऱ्या लुगड्याशिवाय काही अंगावर आलं नाही. नवरा छायाचित्रकार होता, तो गेला. पाच वर्षांपूर्वी मुंबईची खोली सोडून त्या सोलापूर शहरात राहायला आल्या. शाळांच्या गॅदरिंगचे नाच बसवून देत. गाव एसटीने तासाभरावर होतं, पण तो फोन येईपर्यंत त्या एसटीत त्या एकदाही चढल्या नव्हत्या.

"जमीन किती आहे?" मी विचारलं.

"मला माहीत नाही. जमीन मला नको साहेब. आई-वडील त्या रानात आहेत. मला तिथं जागा पाहिजे, आईच्या शेजारी. नाव निघालं की जागा गेली."

मला तो सिनेमातला संवाद वाटला. मी मान हलवली आणि पुढचा कागद ओढला. या प्रकरणातली माझी पहिली चूक ती.

अडचण सरळ होती. बाईंचं आधार, बँक, रेशन सगळं सिनेमाच्या नावावर. जन्मनावाचा एक कागद नाही. शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. भावाला बोलावलं. पन्नाशी ओलांडलेला, कपाळावर विभूती, स्वच्छ धोतर, बोलणं मवाळ. बहिणीकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

"ही माजी भन न्हाय सायब. शिनेमातली बाई हाय. माजी अक्का मुंबैला वारली."

गावातली चार म्हातारी माणसं बोलावली. चाळीसहून जास्त वर्षं झाली, चेहरा कसा ओळखायचा, म्हणाली. नंतर कळलं, दोघांनी ओळखलं होतं, पण भावकीशी वैर कोण घेणार? आणि मी काय केलं? विभूतीवाला शेतकरी आणि सिनेमातली नटी, यात मी शेतकऱ्यावर विश्वास ठेवला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी म्हणालो, "बाई, रडणं हा तुमचा व्यवसाय आहे. इथे पुरावा लागतो."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "साहेब, व्यवसायात रडायला मला ग्लिसरीन लागायचं," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. ते मला लागलं, पण मी तसा मान्य करणाऱ्यातला नव्हतो. दाखल्याच्या पडताळणीचं पत्र मुंबईला धाडलं, उत्तर येईना, आणि मी अर्ज निकाली काढायच्या तयारीत होतो.

आमचे एक हवालदार अक्कलकोटकडचे होते. कागद लावणं, पानांना नंबर टाकणं हे काम ते फार निगुतीने करत. त्या दिवशी नंबर टाकता टाकता ते थांबले.

"सर, ही पावती वाचली का?"

"वाचली की. का?"

"दहन लिहिलंय."

"मग स्मशानभूमीच्या पावतीवर काय लिहितात?"

"आमच्यात जाळत न्हाईत सर. मातीत बसवत्यात. गळ्यातलं लिंग हातात द्येऊन. बहुतेक आपल्याच रानात."

मी खुर्चीत मागे टेकलो. या जिल्ह्यात माझी निम्मी नोकरी झाली होती. अशा अंत्ययात्रांना बंदोबस्त दिला होता, फुलांनी सजवलेल्या पालखीत बसवून नेलेले देह पाहिले होते. आणि जागा पाहिजे, आईच्या शेजारी, हे मला बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. कुणा एजंटाने शहरात बसून, आपल्या घरी होतं तेच सगळ्यांकडे होतं असं धरून पावती भरली होती. मीही तसंच धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला पुन्हा बोलावलं. चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. माझा अनुभव असा की ओरडलं की माणूस गप्प होतो. साधा प्रश्न विचारून थांबलं की त्याला ती शांतता सोसत नाही. मी त्याला बसायला सांगितलं.

"अक्का वारली तेव्हा तुम्ही होता?"

"व्हय. गेल्तो की."

"माती कुठं दिली?"

"तितंच. मुंबैला."

"विधी कुणी केला?"

"जंगम आनला हुता."

मी हवालदारांना खूण केली. त्यांनी पावती मोठ्याने वाचली. भावाने ऐकलं आणि म्हणाला, "परत वाचा." हवालदारांनी पुन्हा वाचली. त्याचा हात सदऱ्याच्या आत गळ्यातल्या लिंगाकडे गेला.

"जाळलं म्हून लिवलंय?"

"हो."

"मी आसं सांगितलं न्हवतं ओ सायब. त्या येजंटानं अक्काला जाळलं म्हून कसं काय लिवलं?" आणि तो मोठा बाप्या हमसून रडायला लागला.

जिवंत बहिणीला कागदावर मारताना तो कचरला नव्हता, पण ती कागदावर जाळली गेली हे त्याला सोसवलं नाही. माणसाच्या मनाचा हिशेब मला तेव्हा लागला नाही, आजही पूर्ण लागलेला नाही.

पुढचं सगळं त्याने आपण होऊन सांगितलं. आपल्या दोन मुलांत वाटणी करायची होती, त्यासाठी बहिणीची सही लागणार होती. "मग मागायची होती," मी म्हणालो.

"कुटल्या तोंडानं मागू? बा मेला तवा कळवलं न्हाय. आई मेली तवा बी न्हाय. तिचं घर मला ठावं हाय सायब. दोनदा दारापातूर जाऊन आलो. बेल वाजवाय हात उचलला न्हाय." मग खाली बघत म्हणाला, "तिचा येकबी शिनेमा सोडला न्हाय मी. घरी सांगायचो, बाजाराला जातो म्हून."

एवढीशी लाज झाकायला त्याने गुन्हा केला होता. लोभाने केलेले गुन्हे मी शेकड्यांनी पाहिले, लाजेने केलेले कमी. पण ते उलगडायला जास्त वेळ लागतो, कारण असा माणूस फायद्याचा विचार करत नसतो आणि आपण फायदाच शोधत बसतो.

बाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या, भावाच्या समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्या म्हणाल्या, "ऊटा आतेनु?" जेवण झालं का, असं कानडीत विचारलं होतं. त्याने मान हलवून नाही म्हटलं. हवालदार खिडकीबाहेर बघायला लागले.

बाईंनी तक्रार मागे घेते म्हणून सांगितलं. मी नकार दिला. बनावट दस्तऐवज हा शासनाविरुद्धचा गुन्हा, तो मागे घेणं ना त्यांच्या हातात होतं ना माझ्या. गुन्हा नोंदवला, एजंट शिक्क्यांसह ताब्यात घेतला, भावालाही आरोपी केलं. बाई माझ्यावर चिडल्या. "आत्ता कुठं भाऊ मिळाला तर तुम्ही नेऊन बसवा कोर्टात," म्हणाल्या. त्यांचा राग मला पटत होता, तरी जे करायचं ते मी केलं.

जमिनीचा पंचनामा राहिला होता. दोन पंच, हवालदार, बाई आणि भाऊ असे आम्ही रानात गेलो. भावाची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. "घ्या की पानी," एवढंच ती बोलली. तो आवाज ऐकून बाईंनी चटकन वर पाहिलं, तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. फोन कुणी केला होता ते मला कळलं. ते मी कुठल्याच कागदावर घेतलं नाही.

बांधाजवळ आई-वडिलांच्या दोन समाध्या होत्या. भोवती सगळीकडे तूर उभी होती, फक्त आईच्या समाधीला लागून माणूस बसेल एवढा तुकडा मोकळा. गवत काढलेलं, माती सारखी केलेली. पंचनाम्यात लिहावं लागतं म्हणून मी विचारलं, "ही जागा पेरली का नाही?"

भावाने बहिणीकडे बघायचं टाळलं. "आई मरताना म्हनली, हितं नांगर घालू नगं. ही माज्या लेकीची जागा." मग पायाने एक ढेकूळ फोडत म्हणाला, "न्हाय घातला कदी."

बाई त्या मोकळ्या मातीवर खाली बसल्या आणि तळहात मातीवर ठेवून रडल्या. या वेळी मी पुरावा मागितला नाही.

तपासाचा पहिला धडा असतो, आधी घटनास्थळी जा. हे कागदाचं प्रकरण, याला कसलं घटनास्थळ, म्हणून मी गेलो नाही. पहिल्याच दिवशी त्या बांधावर उभा राहिलो असतो तर बाई कोण हे 'ही जागा कुणासाठी राखली' या एका प्रश्नात समजलं असतं, आणि त्यांना जे मी बोललो ते बोललो नसतो. नवीन अधिकारी भेटले की मी त्यांना हेच सांगतो. कागद बघा, पण कागद ज्या मातीवरून निघाला ती माती आधी बघा. आणि एखाद्याचा व्यवसाय काय आहे यावरून त्याचे अश्रू खरे-खोटे ठरवू नका.

खटला अजून चालू आहे. निवृत्तीनंतर एकदा त्या गावावरून जात होतो, म्हणून रानात डोकावलो. तो तुकडा अजून रिकामाच आहे. बाई शेजारी बांधावर बसून, शेंगा नीट वाळवल्या नाहीत म्हणून भावाला कानडीत बोलत होत्या, आणि तो मान खाली घालून ऐकत होता.