एकही भाग न बदललेली गाडी

एका तोंडाला बारा आणि दुसऱ्या तोंडाला तेरा नंबर असलेला पाना चाळीस वर्षं ज्याच्या खिशात होता, त्या माणसाला सगळा रस्ता बारातेरा म्हणूनच ओळखायचा. कोपऱ्यावरचा दुसरा मेकॅनिक म्हणायचा, "त्याच्याकडे गाडी द्या, तीन तेरा वाजवून मिळतील." पण हाच दुसरा मेकॅनिक स्वतःचं काही अडलं की मागच्या दाराने बारातेराकडे यायचा. ही गोष्ट बारातेराने आल्यागेल्याला इतक्या वेळा सांगितली होती, की ती खरी असूनही आता खोटी वाटायला लागली होती.

सत्तरी उलटली, डोळ्यांना बारीक आटे दिसेनासे झाले, तसं त्याने गॅरेज बंद केलं आणि घराच्या मागे लागला. दिसेल ते आवळायचं. स्वयंपाकघरातला नळ त्याने असा आवळला, की उघडायचा तर त्यालाच हाक मारावी लागे. शिवणयंत्राला मात्र बायकोने हात लावू दिला नाही. "ते चालतंय," ती म्हणाली. "चालणाऱ्या वस्तूंशी तुमचं जमत नाही."

मुलीला ऑफिसातून दोन पास मिळाले होते. जुन्या मोटारसायकली आणि सायकलींचं प्रदर्शन, संग्रहालयाच्या नव्या दालनात.

"जन्मभर ज्या वस्तूंखाली झोपलो, त्या आता दोरीमागून बघू?" बारातेरा म्हणाला.

"तुम्ही नका येऊ. मी शेजारणीला घेऊन जाते," बायको म्हणाली. तेव्हा तो तिच्याआधी चपला घालून दारात उभा राहिला.

दालन थंडगार होतं. फरशी इतकी लखलखीत, की गाड्या उलट्या टांगून ठेवल्यासारख्या खालीही दिसत. सुरुवातीला सायकली. पुढचं चाक माणसाएवढं आणि मागचं ताटलीएवढं अशी एक. तिच्यापुढे जो तो फोटो काढत होता. पलीकडे दूधवाल्याची एक साधी सायकल, कॅरिअर दोन्हीकडे वाकलेलं. तिच्या पाटीवर लिहिलं होतं: 'पर्यावरणस्नेही शहरी वाहतुकीची आद्य साक्षीदार.'

"साक्षीदार!" बारातेरा म्हणाला. "ब्रेकचे रबर उलटे बसवलेत. पहिल्याच उतारावर रबर सुटतील आणि साक्षीदार जाईल गटारात."

पुढे काचेच्या पेटीत, वरून पिवळा उजेड सोडून, पंक्चर काढायचा डबा ठेवला होता. रबराचे तुकडे, कानस, सोल्यूशनची चेपलेली ट्यूब.

"अय्या, अस्साच आपल्याकडे होता," बायको म्हणाली. "गेल्या महिन्यात भंगारात दिला मी."

बारातेराने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने वाडवडिलांची इस्टेट फुंकली होती. तो डबा घरात कुठे असतो, हे गेली पंधरा वर्षं त्याला स्वतःला सांगता आलं नसतं.

दालनाच्या मधोमध, गोल चौथऱ्यावर, जाड लाल दोरीच्या आत उभी होती मुख्य पाहुणी. काळी, भारदस्त मोटारसायकल. पाटी मोठी होती: 'लढाईच्या काळात आघाडीवर निरोप पोहोचवणारी मोटारसायकल. एकाच घराण्यात तीन पिढ्या. एकही भाग बदललेला नाही.' कुठली लढाई, ते लिहिलं नव्हतं. खाली घराण्याचं नाव होतं. शहरातले सगळ्यात मोठे टाइल्सवाले. ती लखलखीत फरशीही त्यांचीच.

बारातेराने गाडीला एक फेरी मारली. मग दुसरी. आणि मग तो असा खो-खो हसला, की पहारेकरी धावत आला.

"अगं, ही आपल्या डॉक्टरांची गाडी!"

"कुठले डॉक्टर?"

"जनावरांचे. दर सोमवारी पडायचे ते. गोठ्याच्या भिंतीत घुसले, तेव्हा मी तीन गाड्यांची एक करून दिली होती. चासी एकीची, इंजिन दुसरीचं, टाकी तर कंपनीच वेगळी. मडगार्डला हे भोक बघ, चुकीच्या जागी पडलं होतं माझ्याकडून. आणि टूलबॉक्सचं झाकण तुझ्या तेलाच्या डब्याचं!"

बायको थबकली. "तो डबा तुम्ही नेलात?"

"नेला म्हणजे... रिकामाच होता."

"त्या डब्यावरून मी शेजारणीशी वर्षभर बोलले नव्हते! चोर म्हणाले होते मी तिला, तोंडावर!"

बारातेराने चटकन विषय बदलला, म्हणजे दोरी ओलांडली. पहारेकरी "अहो, अहो" करेपर्यंत झाकण उघडलंही. आवाज ऐकून प्रदर्शनाच्या प्रमुख बाई आल्या. जाड काळ्या चौकटीचा चष्मा, आणि बोलणं असं की पाटी वाचताहेत.

"आजोबा, ही वस्तू तज्ज्ञांनी तपासलेली आहे. दोन दिवस मुक्काम केला होता त्यांनी इथे."

"मी हिच्याबरोबर अकरा वर्षं काढलीत, बाई. हे बघा." त्याने झाकण उलटं करून धरलं. आतल्या बाजूला, गंजातून, पिवळं सूर्यफूल अर्धं दिसत होतं आणि त्याखाली 'शुद्ध' एवढी अक्षरं.

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "हे एखाद्या तुकडीचं चिन्ह असू शकतं," त्या हळूच म्हणाल्या. "संशोधन करावं लागेल."

तेवढ्यात कोणीतरी टाइल्सवाल्यांना फोन लावला होता. दहा मिनिटांत ते हजर. त्यांनी बारातेराला ओरडण्याऐवजी खांद्यावर हात टाकून आत नेलं, नवराबायकोला चहा पाजला, आणि दार लावून सगळं कबूल केलं.

"मामा, गाडी भंगारवाल्याकडून उचलली. माझे वडील सायकललासुद्धा घाबरायचे. पण लोकांना नटबोल्ट बघायचे नसतात हो, गोष्ट बघायची असते. तुमच्यासारखा हाडाचा कारागीर दर रविवारी गाडीशेजारी उभा राहिला, तर या दालनाला अर्थ येईल. हे हात! या हातांना कोणी विचारलं का आजवर?"

आजवर कोणी विचारलं नव्हतं. बारातेराने स्वतःच्या हातांकडे नव्याने पाहिलं. बायको चहात बघत होती. हरभऱ्याच्या झाडावर माणूस कसा चढतो, ते तिला इतक्या जवळून बघवत नव्हतं.

"पण मी खरं तेच सांगणार," बारातेरा म्हणाला.

"अर्थात! खरं तेच सांगा," टाइल्सवाले म्हणाले. "फक्त जरा रंगवून."

पहिल्या रविवारी त्याला निळा डगला मिळाला. त्यावर तेलाचे डाग कारखान्यातूनच छापून आले होते. ज्याच्या कपड्यांचे डाग काढता काढता बायकोच्या हाताची सालं निघाली, तो आता विकतचे डाग मिरवत उभा राहिला.

त्याने खरं ते सांगितलं. तीन गाड्या, गोठ्याची भिंत, तेलाचा डबा. लोक दोन मिनिटं ऐकत आणि त्यांची तोंडं पडत. एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "म्हणजे जोडकामच आहे की. चल, ती मोठ्या चाकाची सायकल बघू." दुपारपर्यंत बारातेरासमोर पहारेकऱ्याशिवाय कोणी उरलं नाही, आणि पहारेकरी उभ्या उभ्या झोपला होता.

दुसऱ्या रविवारी एका बाईने मडगार्डच्या भोकात बोट घातलं. "अगं बाई! हे गोळीचं का?"

बारातेरा नाही म्हणणार होता. नाही म्हणायला त्याने तोंडही उघडलं होतं. पण त्या बाईचे डोळे एवढे मोठे झाले होते, आणि तिच्यामागे सात-आठ जण थांबले होते.

"तसं... म्हणतात," तो म्हणाला.

सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. चाळीस वर्षांत हजारो गाड्या सुरू करून दिल्या, पण असा आवाज कुठल्याही गाडीने त्याच्यासाठी काढला नव्हता.

त्यानंतर त्या गोळीला कोणी थांबवू शकलं नाही. तिसऱ्या रविवारी ती डावीकडून आली. चौथ्या रविवारी स्वार वाकला म्हणून वाचला. पाचव्या रविवारी जनावरांचे डॉक्टर सैन्यात भरती झाले, आणि गोठ्याची भिंत शत्रूची झाली. झाकणातलं सूर्यफूल तर बारातेरा असं हलक्या आवाजात दाखवायचा, की लोक डोक्यावरच्या टोप्या काढायचे. प्रमुख बाईंनी संशोधन पुरं केलं. म्हणजे बारातेरा काय सांगतो ते लिहून घेतलं आणि पाटीवर चढवलं. मग बारातेरा पाटीकडे बोट दाखवून म्हणायचा, "लिहिलंयच बघा तिथं."

एका रविवारी बायको शेजारणीला घेऊन आली. डब्याची भानगड मिटवण्यासाठी तिला ते झाकण प्रत्यक्ष दाखवायचं होतं. दोघी गर्दीच्या मागे उभ्या राहिल्या. गोळी सुटली, स्वार वाकला, टोप्या निघाल्या. मग बायकोने मोठ्याने विचारलं, "अहो, ते झाकण कशाचं आहे?"

बारातेराने तिला पाहिलं. शेजारणीलाही पाहिलं.

"दारूगोळ्याच्या पेटीच्या पत्र्याचं," तो म्हणाला.

"ऐकलंस?" शेजारीण बायकोला म्हणाली. "म्हणजे डब्याची चोर अजून मीच."

त्या दोघी पुन्हा बोलेनाशा झाल्या. घरी बारातेराला तीन दिवस वाढलेलं ताट मिळालं, पण शब्द मिळाला नाही. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "चुकीच्या जागी भोक पाडायची तुमची सवय जुनीच." त्यावर तो उठला आणि नळ आवळायला गेला.

घोडं अडलं ते माहितीपत्रकापाशी. मुलीने ते घरी आणलं. गुळगुळीत कागदावर डगला घातलेला बारातेराचा फोटो, आणि खाली: 'या गाडीची रणभूमीवर दुरुस्ती करणारे हयात कारागीर. वय वर्षे पंच्याण्णव.'

"पंच्याण्णव?" बारातेरा ओरडला.

मुलीने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बाबा, लग्नात तुम्ही पन्नाशीला टेकला होतात."

"फसवलं मला," बायको म्हणाली. "माझ्या बापाला पंचवीसचा मुलगा सांगितला होता."

बारातेरा तडक संग्रहालयात गेला. "एकाहत्तर आहे माझं वय! चोवीस वर्षं कुठून आणलीत?"

"लढाईशी जुळत नव्हतं, आजोबा," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकाहत्तर धरलं तर तुमचा जन्मच लढाईनंतरचा होतो."

"नंतरचाच आहे!"

"मग गोळीचं काय करायचं?"

गाडीचं खोटं तीन महिने त्याच्या घशाखाली सुखाने उतरलं होतं. स्वतःच्या चोवीस वर्षांचं मात्र उतरेना. शिवाय त्या पत्रकानंतर लोक त्याला हात धरून खुर्चीवर बसवू लागले होते, आणि एकाने तर पाणी पाजलं होतं.

पुढच्या रविवारी दालन भरलेलं असताना बारातेराने दोरी ओलांडली, खिशातून पाना काढला आणि टाकीचे बोल्ट सोडवायला बसला. पहारेकरी धावला; बाईंनी त्याला हातानेच थांबवलं, कारण लोक फोन वर धरून उभे होते.

"हे बघा!" बारातेराने टाकी उचलून उलटी धरली. खालच्या बाजूला ठोकलेला शिक्का त्याने बोटाने पुसून दाखवला. "ही दुसऱ्याच कंपनीची टाकी! हे इंजिन तिसऱ्या गाडीचं, हा नंबर वाचा! हे भोक मी पाडलं, गिरमिट घसरलं म्हणून. लढाई नाही, गोळी नाही, काही नाही! तीस वर्षांचा होतो मी तेव्हा. सगळं खोटं आहे!"

मग टाळ्या पडल्या. अशा पडल्या, की छतातले दिवे थरथरले.

"पंच्याण्णव वर्षं!" कोणीतरी म्हणालं. "आणि टाकी एका हाताने उचलली!"

पुढच्या आठवड्यात दारावर नवा फलक लागला: 'दर रविवारी चार वाजता प्रात्यक्षिक.' बारातेरा दर रविवारी चार वाजता टाकी काढायचा, सगळं खोटं आहे असं कळवळून सांगायचा, टाळ्या घ्यायचा आणि टाकी परत बसवायचा. लोक जाता जाता भोकात बोट घालून बघायचे. घरी बायकोने विचारलं, "आज काय सांगितलंत, खरं की खोटं?" तो चपला काढत म्हणाला, "आता फरक पडत नाही."

पावसाळ्यानंतर टाइल्सवाल्यांनी गाडी परत नेली. त्यांच्या नव्या दुकानाच्या दर्शनी काचेत ती उभी करायची होती. चौथऱ्यावर एका निवृत्त शिक्षिकेची स्कूटर आली. एकच मालकीण, सगळी कागदपत्रं, जुन्या टायरची पावतीसुद्धा. बारातेराने तिला पाच फेऱ्या मारल्या, खाली आडवा झाला, प्लग काढून बघितला. एकही भाग बदललेला नव्हता. खरोखरच नव्हता. जन्मात अशी गाडी त्याने पाहिली नव्हती.

"हिचं काय विशेष?" लोक विचारायचे.

"बाई हिच्यावरून शाळेत जायच्या," बारातेरा सांगायचा. "आणि परत यायच्या."

लोक वाट बघायचे. पुढे काही येत नाही असं दिसलं, की मोठ्या चाकाच्या सायकलकडे वळायचे. तिसऱ्या रविवारी त्याने डगला घडी घालून प्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी थोडा आग्रह केला, पण फार नाही.

स्कूटर अजून तिथेच आहे. तिच्यासमोर आता एक बाक टाकला आहे. चालून दमलेले लोक त्यावर तिच्याकडे पाठ करून बसतात.