कॅबिनेट काही पसंत पडेना

आमच्या पलंगाखाली एक अख्खा कॉम्प्युटर खोक्याखोक्यांत पडून होता आणि केर काढताना दर वेळी माझा झाडू त्यात अडकायचा. मदरबोर्ड आला, ग्राफिक्स कार्ड आलं, पंखे आले. हे सगळं ज्यात बसवायचं ते कॅबिनेट तेवढं येत नव्हतं. का? तर आमच्या ह्यांना ते पसंत पडत नव्हतं. माझ्याशी लग्नाला एका भेटीत हो म्हणून मोकळा झालेला माणूस, आणि पत्र्याच्या डब्यासाठी गावभर दुकानं पालथी घालत होता!

हे लिफ्ट दुरुस्त करणारे. उभा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात आणि गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत गेला. गुडघ्यांनी असहकार पुकारला म्हणून घरी बसले, पण खोड जाते कुठे? कोणाकडे पाहुणे म्हणून गेलो तर यजमान दारात हसत उभे आणि हे लिफ्टच्या दाराला कान लावून. "ब्रेक घासतोय," हे पहिलं वाक्य. नमस्कार-बिमस्कार नंतर. मी शरमेने अर्धी व्हायचे.

यांचं एक म्हणणं होतं, की बिघाड कधी डोळ्यांसमोर नसतो. तो पत्र्याच्या मागे असतो, तिथे हातच घालावा लागतो, आणि पत्रा कापणाऱ्याने कड वळवली नसेल तर बोट गेलंच. यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर तशा खुणा आहेत. म्हणून दुकानात गेले की हे कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढायला लावत, डोळे मिटून आत हात घालत आणि कडेकडेने सगळीकडे फिरवत. भर गर्दीत! लोक बघायचे.

"पत्रा वळवलेला नाही. उद्या दुरुस्तीला बसणाऱ्याची बोटं कापतील."

"काका, दुरुस्तीला तुम्हीच बसणार ना?" दुकानदार कावून विचारायचा.

"मग माझी बोटं बोटं नाहीत?"

की चालले पुढच्या दुकानात. मी मागोमाग, पिशवी सांभाळत.

आता साठी ओलांडलेल्या माणसाला गेमचा कॉम्प्युटर कशाला, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं. तर आमची लेक विमानाने जावं लागतं इतकी लांब नोकरीला आहे, आणि बापलेकींनी ठरवलं की दोघांनी आपापल्या घरी बसून एकच गेम एकत्र खेळायचा. चांगलं आहे. पण खेळ राहिला बाजूला आणि रोज संध्याकाळी फोनवर कॅबिनेटचा कीस पडू लागला. तिला पुढून काच आणि आत रंगीत दिवे हवेत. हे म्हणणार, "पुढे काच लावल्यावर पंखे हवा कुठून ओढणार? जाळी पाहिजे." ती आणखी चार फोटो पाठवणार. हे प्रत्येकात खोट काढणार. अर्धा अर्धा तास दोघं हिरिरीने भांडणार, हसणार. आणि फोन ठेवता ठेवता ती विचारणार, "आई बरी आहे ना?"

"हो, बरी आहे."

फोन बंद. मी समोर ओले हात पुसत उभी! मी बरी आहे की नाही हे मला विचारा ना! त्या 'बरी आहे'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी फोन घेऊन पाहिला नाही असं नाही. "जेवलीस का?" "हो." "काय केलं होतंस?" "नेहमीचंच." "तब्येत?" "ठीक." मग ती म्हणायची, "बाबांना दे ना जरा, एक सांगायचं राहिलं." पोटच्या पोरीला माझ्याशी बोलायला काही राहत नव्हतं.

एका संध्याकाळी तिचं वाक्य कानावर आलं, "बाबा, घाई नको हं. वर्ष लागलं तरी चालेल." वर्ष! दुसऱ्या दिवशी हे गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात गेले आणि मी पायात चपला सरकवल्या.

"काकांनी पाठवलं का?" दुकानदाराने घाबरतच विचारलं.

"काकांना मी पाठवत असते. झाकण काढा."

मी शिवणकाम करते. कड कशी असावी हे माझ्याही बोटांना कळतं. सहा-सात कॅबिनेटांत हात घातला, एक काळं निवडलं, पुढे जाळी, बाजूला काच. टॅक्सीत मांडीवर घेऊन आले आणि जेवायच्या टेबलावर आणून आदळलं.

हे आले आणि दारातच थबकले. "हे कोणी आणायला सांगितलं?"

"कोणी नाही. या घरात मला कोणी काही सांगतं का?"

यांनी झाकण काढलं, डोळे मिटले, आत हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. कुठेच काही टोचलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकं चांगलं निघायला नको होतं."

"म्हणजे?"

"आता संध्याकाळी तिच्याशी बोलू काय? मीही तिला जेवलीस का विचारायचो, ती हो म्हणायची, संपलं. या डब्यामुळे बोलत होती."

मला दया यायला हवी होती. नाही आली. "म्हणजे बोलायला एक विषय सापडला आणि तो तुम्ही एकट्याने खाल्लात!" मी ओरडले. "मला दोन घास दिले असते तर काय बिघडलं असतं?"

यांनी झाकण परत बसवलं.

संध्याकाळी फोन वाजला. यांनी तो माझ्याकडे सरकवला. "तू आणलंस, तूच सांग."

मी सांगितलं. पोरगी उसळलीच. "आई, अगं तू कशाला घेतलंस? आमचं ठरत होतं ना!"

"ठरत कसलं होतं? भिजत घोंगडं पडलं होतं."

"काच कुठल्या बाजूला आहे?"

"डाव्या."

"आणि बाबा ज्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवणार त्याच्या डावीकडे भिंत! आतले दिवे काय पालीला दाखवणार आहेस? उजवीकडे ठेवावं लागेल."

"उजवीकडे माझं शिलाईचं मशीन आहे."

"मग ते हलव."

"मुळीच हलणार नाही."

"ती माझी खोली होती, आई!" तिचा आवाज फाटला. "मी गेले आणि तू महिन्याभरात तिथे मशीन आणून ठेवलंस. माझा पलंग काढून टाकलास. विचारलंस मला?"

हे तिने आजवर एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. मी तरी कुठे गप्प बसणारी? "रिकामा पलंग रोज सकाळी उठून बघवत नव्हता मला! तू तरी विचारलंस कधी, तुझ्या मागे दिवसभर मी काय करते?"

मला वाटलं, आता ही फोन ठेवणार.

"काय करतेस?" तिने विचारलं. आवाजात राग होताच.

मी खुर्ची ओढली आणि त्याच रागात तिला सकाळपासूनचं सांगायला बसले.