सुनीची आई बालवाडीत

परवा नातीने अंगणात कुंडीतली माती भिजवली आणि त्या वासासरशी मी आलापल्लीजवळच्या जंगलातल्या एका गावात जाऊन पोचले. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी तिथे बालवाडीची नवी बाई होते. चिंचेखाली बसून मुलं मातीची खेळणी करायची आणि मोहाच्या फुलांचा गोड, जड वास हवेत भरून असायचा.

एका सकाळी चार वर्षांच्या सुनीची आई टोपली घेऊन आली. "पोरीले नेतो मी, बाई. मोहा वेचाले हात पाह्यजे. माती तं घरीबी हाय."

सुनी गेली की बाकीची मुलंही जातील, अशी धास्ती वाटली. "तिचा मातीचा बैल तेवढा होऊ द्या," एवढंच मी म्हणाले.

बैल काही उभा राहत नव्हता. आईने टोपली खाली ठेवली, बसली आणि त्याला चार आखूड पाय लावून दिले. मग तिने स्वतःसाठी एक गोळा घेतला. बोटाएवढी चूल झाली, चुलीवर गाडगं आलं. पानांतून उतरलेलं ऊन तिच्या हातांवर हलत होतं आणि ती हळूच काहीतरी गुणगुणत होती. किती वेळ गेला, कोण जाणे.

एकदम भानावर येऊन ती उठली. "तू बस इथी," सुनीला म्हणाली, "मी वेचून येतो." जाता जाता थबकली. "उद्याबी माती राह्यते ना, बाई?"

सुनी राहिली, याच आनंदात मी मान हलवली. आज वाटतं, सुनीची आई तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची असेल, आणि तो प्रश्न तिने सुनीसाठी विचारलाच नव्हता.