तासभर अंधार

मीरा, कबीर, तुमची आजी तुमच्यावर चिडलेली आहे.

काल तुम्ही कॅनडाहून मोबाईलवर काढलेला ताऱ्यांचा फोटो पाठवलात आणि खाली लिहिलंत, "आजी, सोप्पं असतं!" म्हणून हे लिहिते.

सोप्पं? लग्नानंतर मी कॅमेरा घेऊन गच्चीकडे निघाले, तर सासूबाई आडव्या. "अवसेला सुनेनं उघड्यावर जायचं नाय गं!" (पौर्णिमेला चाललं असतं. पण पौर्णिमेला तारे दिसतात कुठे?) मग तुमच्या बाबाचे दात, त्याचा गोवर, त्याची दहावी. मग माझी शाळा आणि वह्यांचे गठ्ठे. निवृत्त झाले, तोवर आमच्या दहिवलीच्या गल्लीत दिव्यांचा असा लखलखाट, की चांदण्या गायब!

शेवटी गेल्या पौषातल्या अमावास्येला ठरवलं, आज ध्रुवाभोवती फिरणारे तारे टिपायचेच. त्यासाठी कॅमेऱ्याचं शटर तासभर उघडं ठेवावं लागतं. मध्ये उजेड आला की संपलं. मी अकरा घरांत सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या दिल्या: 'आठ ते नऊ दिवे बंद ठेवावेत.' सगळ्यांनी ठेवले! फक्त 'आणि घरीच बसावे' हे लिहायचं माझं राहिलं.

आठला मी शटर उघडलं. सव्वाआठला शेजारच्या सखूबाई मोबाईलची बॅटरी लावून गच्चीत हजर.

"बॅटरी विझवा आधी!"

"विझवली, बाई. अंधारात घरी काय करू? टीवी बी नाय. काय हाय ते दाखवा की!"

मागून समोरच्या फरीदाभाभी किटली घेऊन. "थंडी आहे, म्हटलं सगळ्यांना चहा."

"सगळ्यांना? सगळे कोण?"

सगळे जिन्यात होते. आणि तुमचे आजोबा त्यांच्या हाती खुर्च्या देत होते!

"अहो, हे काय चालवलंय?"

"अगं, आलेली माणसं उभी राहणार का?"

मी दात आवळून कॅमेऱ्यापाशी गेले. हाताला लोकर लागली. स्टँडवर शाल!

"ही कुणाची?"

"माझी," सखूबाई म्हणाल्या. "खुंटी बरी हाय तुमची."

शाल ओढून काढली आणि माझा तोल सुटला. तरातरा कॅमेऱ्यासमोरच्या जिन्याच्या दारापाशी गेले, गच्चीचा मोठा दिवा लावला आणि ओरडले, "खाली व्हा सगळे!"

कुणी हललं नाही. फरीदाभाभींचा कप हवेतच राहिला.

"बाई," सखूबाई हळूच म्हणाल्या, "नऊ कुठं वाजलेत अजून? दिवा बंद ठेवायचा ना?"

तो फोटो माझ्याकडे अजून आहे. सगळा पांढराफटक; तारा एकही नाही. कोपऱ्यात दिव्याच्या बटणावर बोट ठेवून, तोंड उघडलेली मी मात्र अगदी स्पष्ट आले आहे.