सासूबाईंच्या लाल फुल्या

टॅबवर हिरवा गोल आला. हिरवा म्हणजे पेशंटचं जगणं उत्तम, नियमित औषधाची गरज नाही. आणि माझ्यासमोर वनमाला दिघोरी गावातल्या तिच्या घराच्या ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरेफटक.

वनमालाच्या रक्तात सातवा फॅक्टर कमी आहे. फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, त्यांना नंबर असतात. आठवा किंवा नववा कमी असला की त्याला हिमोफिलिया म्हणतात. तो बहुतेक पुरुषांना होतो, सांध्यांत रक्त साचतं. सातवा कमी असणारे फार थोडे. त्यात बाई असली तर पाळी लवकर थांबत नाही. वनमालाचं निदान दाढ काढल्यावर झालं, तीन दिवस रक्त थांबेना म्हणून. मी एका संस्थेत काम करते. अशा पेशंटचा जीवनमानाचा फॉर्म भरायचा, आणि त्यावरून रक्त रोखणाऱ्या गोळ्या दर महिन्याला कुणाला द्यायच्या ती यादी ठरते.

फॉर्म बनवला पुरुषांकडे बघून. सांधे सुजले का? नाही. खेळणं सोडावं लागलं का? "लग्नाच्या आधीच सोडलं जी," ती हसली. आजारामुळे या महिन्यात किती दिवस काम बुडालं?

"एकबी नाही."

खोटं बोलत नव्हती. भाताच्या रोवणीला ती रोज गेली. एकदा बांधीतल्या चिखलातच चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

मी कोऑर्डिनेटर सरांना फोन लावला. म्हटलं, यात पाळीचा एकही प्रश्न नाही.

"ते व्हॅलिडेटेड टूल आहे. तू बदलणारी कोण?"

"सर, ती उभी राहू शकत नाही."

"काम बुडालं का?"

"नाही, पण..."

"मग झालं. पुढचं घर घे."

व्हॅलिडेटेड म्हणजे तपासून घेतलेलं. कुणावर तपासलं, हे विचारायच्या आत फोन कट झाला.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या की गोळ्या कायले, सून कामचुकार हाये. अर्धा महिना दूर बसते, मीच रांधतो. दूर बसणं म्हणजे पाळीत चुलीला न शिवणं. शेतात राबायला मात्र विटाळ आड येत नाही. किती सोयीचं!

मी विचारलं, अर्धा महिना कशावरून?

त्यांनी खिळ्यावरचं कॅलेंडरच काढून आणलं. सून दूर बसली की त्या तारखेवर लाल पेनाची फुली. "हिच्या मायबापाले दाखवाले ठेवलं. मोज, खोटं बोलतो का मी?"

मी मोजल्या. एका महिन्यात चौदा, पुढच्यात सोळा, मग तेरा. वनमाला मान खाली घालून बसली होती. मी सासूबाईंना सांगितलं, हा आळस नाही, हाच तो आजार.

त्यांनी कॅलेंडरची पानं पुन्हा उलटून पाहिली. "मंग मले कोनी सांगतलं काहून नाही?"

निदान होऊन दीड वर्ष झालं होतं. या घरात आमच्यापैकी कुणी सासूशी बोललंच नव्हतं.

मी तिन्ही पानांचे फोटो काढले. सरांना पाठवलेच नाहीत, थेट यादीवर सही करणाऱ्या रक्तविकाराच्या डॉक्टरांना पाठवले. त्यांनी त्याच आठवड्यात वनमालाला यादीत घेतलं, 'इतर' या रकान्यात. सर म्हणाले, प्रोसिजर मोडलीस. म्हटलं, लेखी द्या. अजून दिलेलं नाही.

याआधी लाखनीत दोन बायांना मीच हिरवा गोल देऊन आले होते. त्यांच्याकडे परत गेले. दोघींचंही काम बुडालेलं नव्हतं. दोघीही महिन्यातले दहाहून जास्त दिवस दूर बसत होत्या.

फॉर्म अजून तोच आहे. खेळणं सोडावं लागलं का, हे मी आजही विचारते. पण त्याच्या आधी विचारते, घरात महिन्यातून किती दिवस दुसरं कुणी रांधतं?

दिघोरीच्या सासूबाई अजून फुल्या मारतात. गेल्या महिन्यात सहाच निघाल्या. ते पान त्या व्याह्यांऐवजी डॉक्टरांना दाखवायला स्वतः घेऊन आल्या.